नागली ताटात आणायची: शाळेच्या पोषण आहाराच्या नोंदी, २०२४-२५

१५ जून २०२४, शनिवार

आज शाळा सुरू झाली. पट ४६, पहिली ते पाचवी, हजर ३८. बाकीची आजोळी आहेत, पाऊस पडला की येतील. नवीन वर्षाच्या आहाराचा कागद मुख्याध्यापक सरांनी वाचून दाखवला. यंदापासून तीन प्रकारचं जेवण, म्हणजे तांदळाचा पदार्थ, मोड आलेलं कडधान्य आणि काहीतरी गोड. पंधरा पाककृती दिल्यात, त्यात मूग-शेवग्याचं वरण भात आहे आणि नाचणीचं सत्त्वसुद्धा आहे. ते वाचल्यावर मी सरांना परत वाचायला लावलं कारण दोन वर्षं माझ्या डोक्यात हेच चाललंय.

इथे अकोले तालुक्याच्या या डोंगरात शाळेच्या खिडकीतून बघितलं तर समोर भाताची खाचरं, वर उतारावर नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई (भगर), बांधावर वाल-घेवडा, आणि ताटात काय तर गाडीने आलेला तांदूळ, गाडीने आलेली मसूर, गाडीने आलेलं तेल आणि तालुक्याच्या बाजारातून आणलेला बटाटा. तांदूळ वाईट नाही, मूग-मटकीही चांगली आहे, त्यावर मुलं जगतात हे मला माहितीये. पण खिडकीतून दिसणारं काहीच ताटात नाही याचा त्रास होतो. तर यंदा ते आणायचं आणि जे होईल ते तारखेनिशी इथे लिहायचं, चुकलं तर चुकलेलं पण.

हिशोब मांडून ठेवते. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम. ४६ मुलांची भाजी म्हणजे दिवसाला २ किलो ३०० ग्रॅम. हा आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय आणि पुसायचा नाही असं मुलांना सांगितलंय.

१८ जून, मंगळवार

तिसरी ते पाचवीला विचारलं, तुमच्या घरी काय काय पिकतं? भात म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मग टोमॅटो, कारण दोघातिघांच्या चुलत्यांकडे विहीर आहे. नागली कोणाकडे होते म्हटल्यावर वर्ग गप्प. मला माहितीये यातल्या निम्म्या घरांत नागली लावतात, मी त्यांच्या घरी भाकरी खाल्लीये. शेवटी चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात आहे, पण आम्ही चपाती पण खातो." तिला ते पुढचं वाक्य जोडावं लागलं, दिवसभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

१९९५ साली ही योजना देशात सुरू झाली तेव्हा मुलांना शिजवलेलं जेवण नव्हतं, महिन्याला तीन किलो धान्य घरी द्यायचे. मी स्वतः ते तांदूळ पिशवीतून घरी नेलेत. शिजवलेलं ताट आलं ते २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. म्हणजे शाळेत गरम जेवण मिळणं यासाठी सुद्धा कोणीतरी कोर्टात भांडलंय. आता त्याच ताटात घरचं धान्य आलं तर मुलाला नागलीचं नाव घेताना खाली बघावं लागणार नाही, एवढंच मला हवंय. कॅल्शियम वगैरे आहेच. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. ते मी पालकांना सांगेन, मुलांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

२४ जून, सोमवार

शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग. अध्यक्ष दादा, सात पालक, आम्ही दोघं शिक्षक आणि दोन्ही स्वयंपाकी मावशी. मावशींना मी मुद्दाम बोलावलं होतं, एरवी त्यांना कोणी मीटिंगला बोलवत नाही, त्या आत भांडी घासत असतात आणि आपण बाहेर त्यांच्या कामाचं ठरवतो.

परसबागेला सगळे हो म्हणाले. शाळेमागे दीडेक गुंठा जागा पडून आहे, हात धुण्याचं पाणी तिकडेच जातं. कुंपणाला बांबू आणि काट्या पालक देणार. नागलीचं निघाल्यावर मोठ्या मावशी बोलल्या आणि त्या बोलल्या ते बरं झालं. "म्याडम, भाकरी सांगणार असाल तर आत्ताच सांगते, आमच्याच्यानं व्हायचं नाही." एक शेगडी, एक तवा, ४६ भाकरी, एका भाकरीला तीन मिनिटं धरली तरी दोन तासांच्या वर, आणि भात-उसळ कधी करायची? महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, ते पण दहा महिने, आणि येतं तेव्हा येतं. मी भाकरीचंच मनात धरून बसले होते. ते तिथल्या तिथे सोडलं. नागलीचं असं काहीतरी हवं जे एका पातेल्यात होतं.

२ जुलै, मंगळवार

बियाणं गोळा झालं. दुकानातलं पाकीट आणायचं नाही असं मुलांनीच ठरवलं (थोडं मी ठरवायला लावलं). मुलं घरून आजीकडून मागून आली. वालाचे तीन प्रकार, एक पांढरा, एक तांबूस, एक काळपट ठिपक्यांचा. घेवडा दोन. दोडका, डांगर, काकडी, अंबाडी, राजगिरा. एका आजीने बी दिलं ते राखेत घातलेलं, जुन्या डब्यात, वर फडकं बांधलेलं, आणि नातवाजवळ निरोप की "निम्मं परत पाहिजे, जास्त झालं तर जास्त."

आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत, बीजमाता म्हणून सगळा देश ओळखतो, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने घरात गावरान बियाणांची बँक उभी केली. त्यांचं नाव मुलांना पाठ आहे, सामान्य ज्ञानात येतं. पण आपल्या आजीच्या डब्यात पण तेच आहे हे आज पहिल्यांदा लक्षात आलं असावं, कारण दुपारी पाचवीची मुलं डबा उघडून एकेक वाल तळहातावर घेऊन बघत बसली होती.

शेवग्याच्या फांद्या चार लावल्या. कढीपत्ता दोन.

९ जुलै, मंगळवार

सत्त्व बिघडलं. पूर्ण लिहिते म्हणजे परत होणार नाही.

खरं सत्त्व म्हणजे नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची, चाळायची. मोड छान आले, दीड दिवसात बारीक पांढरे कोंब दिसले. पण वाळणार कुठे? आठ दिवस ऊन नाही, भिंतीसुद्धा ओल्या आहेत. खाटेवर पसरलेली नागली दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारायला लागली, सगळी टाकली, तीन किलो. ती एका आईने दिलेली होती, तिला काय सांगायचं हे मला कळेना, जाऊन सांगितलं.

आज मग साध्या नागलीच्या पिठाचं करू म्हटलं. मी घाईत मावशींना पीठ उकळत्या पाण्यात टाका म्हणाले, त्या म्हणत होत्या आधी गार पाण्यात कालवू, मी ऐकलं नाही. गाठी झाल्या, बाहेरून शिजलेल्या आत कोरडं पीठ. चव रजिस्टरमध्ये आधी चाखून लिहावं लागतं, एका पालकाची पण सही लागते, आज पाळी असलेल्या ताईंनी एक घास घेतला आणि काही बोलल्या नाहीत. मी "वाटप केले नाही" असं लिहिलं. मुलांना भात आणि मटकीची उसळ मिळाली, उपाशी कोणी राहिलं नाही.

११ जुलै, गुरुवार

आज मावशींच्या पद्धतीने. ७०० ग्रॅम पीठ गार पाण्यात सरसरीत कालवून अर्धा तास ठेवलं, सात लिटर पाणी उकळल्यावर बारीक धार धरून सोडलं, धाकट्या मावशी ओतायला आणि मोठ्या मावशी ढवळायला, पंधरा मिनिटं हात थांबवला नाही. गूळ, चिमूटभर मीठ, शेवटी वेलदोडा. रंग आधी मातकट असतो आणि शिजत आला की एकदम चॉकलेटी चमक येते, वर बारीक बुडबुडे फुटायला लागतात, मावशी म्हणतात "आता बोलायला लागली" म्हणजे झालं.

४१ हजर होते. ३३ जणांनी प्यायलं, ८ जणांनी वाटी बाजूला ठेवली. त्यातल्या पाच जणांनी पुढच्या वेळी घेतलं तर बघू, जबरदस्ती नाही.

२७ जुलै, शनिवार

पावसाने दोन वाफे वाहून गेले. राजगिरा गेला, काकडी गेली. वाल टिकला, तो उंच वरंब्यावर लावला होता. चौथीच्या मुलांनी बाजूने चर काढला, कोणी सांगितलं नव्हतं, घरी भातात हेच बघतात.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रानभाज्यांबद्दल मीटिंगमध्ये बरंच बोलणं झालं होतं, आज ठरवून टाकलं. या दिवसांत रानात कुर्डू, टाकळा, करटोली, चाईचा मोहोर, फुकटात आणि ताज्या. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना याचंच सगळ्यात कौतुक असतं. पण मी शाळेच्या पातेल्यात रानभाजी सरसकट घालायच्या विरोधात आहे. घरी आजी निवडते, आजीची नजर असते, इथे ४६ मुलांचं एकच पातेलं आहे आणि एखादं चुकीचं पान गेलं तर सगळ्यांना बाधेल. नियम असा केला: कुर्डू, टाकळा आणि करटोली एवढंच चालेल, ते पण वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बायांनी निवडून दिलं तर. कंद नाही, अळंबी तर अजिबात नाही. काहींना आवडलं नाही हे. मला चालेल.

आज कुर्डूची भाजी, मूगडाळ घालून. कुर्डूचे कोवळे शेंडे, दोन किलो खुडलेले, शिजल्यावर मूठभर झाले. डाळ जास्त घातली म्हणून पुरलं. सगळ्यांनी खाल्लं, मागून घेतलं. ज्यांनी सत्त्व बाजूला ठेवलं होतं त्यांनीसुद्धा.

३० ऑगस्ट, शुक्रवार

महिनाभर दोडका, गवार आणि मिरच्या वाडीतल्याच तीन बायकांकडून घेतल्या. ताजी, बाजारभावाने, आणि बाजाराला जायचा गाडीखर्च वाचला. साध्या कागदावर त्यांच्या सह्या घेऊन व्हाउचर लावली. आज ती व्हाउचर परत आली. पक्कं बिल पाहिजे. सरांनी समजावून सांगितलं की समोरच्या शेतातून घेतलेल्या तीन किलो दोडक्याचं पक्कं बिल कुठून येणार, त्यावर उत्तर मिळालं की मग दुकानातून घ्या. म्हणजे तोच दोडका वाडीतून टेम्पोने तालुक्याला जाईल, तिथून दुकानात आणि दुकानातून बिलासकट परत शाळेत, दोन दिवस शिळा होऊन. सरांनी पैसे खिशातून घातलेत, किती ते सांगत नाहीत.

मला राग आला आणि अजून आहे. यात कोणी पैसे खात नव्हतं, उलट वाचत होते. पण हिशोब तपासणारा माणूस पण उद्या कोणाला तरी उत्तर देणार आहे, त्यामुळे रागावून बसण्यापेक्षा बिलाचा मार्ग काढायला हवा.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मार्ग निघाला. वाडीत महिला बचत गट आहे, नोंदणीकृत, बँकेत खातं आहे. गटाने बिलबुक छापून घेतलं. आता बायका गटाला भाजी देणार, गट शाळेला देणार, भाव आठवडे बाजाराच्या दिवशीचा फळ्यावर लिहायचा, महिन्याचं एकच बिल, पैसे गटाच्या खात्यात. गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या गटाला यात काही उरणार नाही पण बँकेत उलाढाल दिसते, कर्जाच्या वेळी ते उपयोगी पडतं. म्हणजे त्यांचाही फायदा आहे, कोणावर उपकार नाहीत, म्हणून हे टिकेल असं वाटतं.

भाजी आता सकाळी साडेनऊला मुलं मोजून घेतात. पाचवीची दोन मुलं तराजूवर, तिसरीचा एक जण वहीत लिहितो. ग्रॅम-किलोचा पाठ मी यंदा वेगळा शिकवलाच नाही. काल एकाने १ किलो ८५० लिहून स्वतःच सांगितलं, "बाई, साडेचारशे कमी पडतंय, परसातला दोडका काढू का?" फळ्यावरचा २ किलो ३०० चा आकडा त्याने कधीच पाठ केला होता.

२७ सप्टेंबर

खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी सुरू. भाजलेली खुरासणी, लसूण, तिखट, मीठ, उखळात कुटून. एका मुलाला चमचाभर. भात-वरणाच्या दिवशी मुलं एरवी भात टाकायची, आज ताटं पुसून खाल्ली. खुरासणी आमच्या डोंगरउताराचंच पीक, व्यापारी पोत्याने घेऊन जातात. वालाला फुलं आली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नागलीच्या शेतात गेलो, सगळी शाळा. वर चढायला वीस मिनिटं. कणसं मुठीसारखी आत वळलेली, काही हिरवट काही तांबडी. ज्यांचं शेत होतं ते आजोबा मुलांना सांगत होते की रोप कसं उपटून लावायचं, राब कसा भाजायचा (म्हणजे रोपांची जागा पाला-पाचोळा जाळून तयार करायची), आता पोरं पुण्याला कामाला गेली म्हणून वरचे दोन तुकडे पडीक टाकले. एकाने विचारलं मग ती नागली कोण खाणार? आजोबा म्हणाले तुम्ही खाणार असाल तर लावतो. ते सहज बोलले पण मी लिहून ठेवतेय. मागणी असली तर लोक लावतील, बाजारात नागलीला गिऱ्हाईक आहे पण ते लांब आहे, आणि मधला माणूस भाव पाडतो.

उद्यापरवा चाचणीचे पेपर तपासून मग दिवाळी.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली, मग २० तारखेचं मतदान, आम्ही दोघेही ड्युटीवर, शाळेत केंद्र होतं म्हणून बाकं हलवलेली, परसबागेचा एक वाफा रांगेत तुडवला गेला. वाल मात्र कुंपणावर चढलेला, शेंगा लोंबतायत, त्याला काही झालं नाही.

नवीन नागली आली. गटाकडून ४० किलो घेतली. ऊन पण आहे, त्यामुळे सत्त्वाचं काम आता गटाने घेतलंय. भिजवणं, मोड, वाळवणं, भाजणं, दळणं सगळं त्यांच्याकडे, शाळेत तयार पीठ येतं, त्याची मजुरी बिलात धरली. मावशींच्या डोक्यावर जास्तीचं काम टाकून ही गोष्ट चालवायची नाही हे जूनमध्येच ठरवलं होतं, त्याला पाच महिने लागले.

मोड आलेल्या पिठाचं सत्त्व आज पहिल्यांदा झालं. वास वेगळाच, भाजलेल्या धान्याचा गोडसर. गूळ निम्मा लागला. ४३ हजर, ४१ जणांनी प्यायलं.

वरईचं मात्र जमलं नाही. नागलीला जाड टरफल नसतं, तशीच दळता येते. वरईला वरचं कवच घट्ट, ते काढल्याशिवाय खाता येत नाही. पूर्वी बाया जात्यावर भरडून उखळात कांडायच्या, पाखडायच्या, परत कांडायच्या. पाच किलोला तीन बायकांची अख्खी दुपार गेली आणि हातात तीन किलोच्या आसपास वरई आली, त्यातही कणी. हे परत कोणाला सांगणं बरोबर नाही. सोलायचं यंत्र असतं, आमच्या जवळपास कोणाकडे नाही. वाडीतली वरई बिनसोललेली विकली जाते आणि सोललेला पांढरा भगर बाजारातून उपवासाला विकत आणतात. यंत्र येईपर्यंत वरई बाजूला.

१० डिसेंबर, मंगळवार

केंद्राने १ तारखेपासून आहाराचा खर्चाचा दर वाढवला. प्राथमिकला ५ रुपये ४५ पैसे होते ते ६ रुपये १९ पैसे. उच्च प्राथमिकला ८.१७ चे ९.२९. पण हे सगळे शाळेच्या हातात येत नाहीत, डाळी-तेल-मसाल्याची रक्कम पुरवठ्याकडे जाते, आमच्याकडे भाजीपाला आणि इंधनाचाच वाटा. एका मुलामागे चौऱ्याहत्तर पैसे ऐकायला काहीच नाही. पण त्यातले थोडे जरी भाजीकडे आले तरी ४६ मुलांमागे महिन्यातून दोनदा शेंगदाणे-गूळ देता येतील असा सरांनी हिशोब काढला. बघू कधी येतात.

शेवग्याला अजून शेंगा नाहीत, पाला आहे. पाला वरणात घालतोय, मूगडाळीत चांगला लागतो. पाल्याच्या काड्या काढल्या नाहीत तर घशात टोचतात, काल लहानांनी तक्रार केली, आता दुसरीच्या वर्गाला ओरबाडायचं काम दिलंय, बोटांनी एका झटक्यात काडीवरून पाला खाली ओढायचा, त्यांना मजा येते.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

आज बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालाची उसळ. वर्षातला सगळ्यात चांगला दिवस.

वाल कोरडा, मागच्या हंगामातला, आजींच्या डब्यांमधला, एक किलो. आकडा असा की २० ग्रॅमप्रमाणे ४६ मुलांना ९२० ग्रॅम. रविवारी सकाळी भिजवला, रात्री फडक्यात बांधला, थंडी आहे म्हणून मोड यायला वेळ, मोठ्या मावशींनी गाठोडं चुलीच्या उबेला ठेवलं. आज सकाळी कोंब बोटाच्या पेराएवढे. आता सोलायचं. मावशी म्हणाल्या होत्या एवढा वाल दोघींनी सोलायला दुपार होईल, म्हणून पाच आया आल्या, दोन आज्या आल्या, आणि चौथी-पाचवी ओसरीवर गोल बसली, मध्ये कोमट पाण्याची घमेली.

कोमट पाण्यात वाल फुगतो, साल सैल होते. अंगठा आणि बोट यांच्यात धरून मागच्या टोकाला नुसतं दाबायचं, आतली डाळिंबी सुळकन पुढे निसटते आणि रिकामी साल बोटात राहते. जोरात दाबलं तर डाळिंबी दोन फाकांची होऊन उडते. पहिली दहा मिनिटं सगळीकडे डाळिंब्या उडत होत्या. मग एका आजीने त्या चौथीतल्या मुलीचा हात हातात घेऊन दाखवलं, जूनमध्ये "चपाती पण खातो" म्हणाली होती तीच, आणि नंतर तिचा हात असा चालायला लागला की ती बोलत होती एकीकडे बघून आणि सोलत होती दुसरीकडे. सालीचा वास हाताला दोन दिवस राहतो. एक किलो वाल पाऊण तासात झाला.

सोलायला का एवढा जीव खायचा, तर सालीत कडवटपणा असतो, आणि वाल कच्चा राहिला तर पोटाला बाधतो. भिजवलेलं पाणी फेकायचं, परत नव्या पाण्यात शिजवायचा, पूर्ण मऊ, ते मावशींना सांगावं लागत नाही. कांदा, लसूण, खोबरं थोडं, चिंच-गूळ. परसातली कोथिंबीर.

भात ५ किलोच्या वर लागला, एरवी साडेतीनला उरतो. रजिस्टरमध्ये तसं लिहिलंय.

हे रोज होणार नाही, महिन्यातून एकदा झालं तरी पुष्कळ. सात बायकांचा वेळ फुकट नसतो, त्या मजुरीचा खाडा न करता आल्या कारण भाताची कामं संपलीत. जूनमध्ये बोलावलं असतं तर कोणी आलं नसतं आणि ते बरोबरच होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाककृती परत बदलल्या. गोडासाठी वेगळे पैसे नाहीत, साखर वगैरे लोकसहभागातून बघा असं आहे. ज्या शाळांनी जूनपासून सत्त्वाची सवय लावली त्यांनी आता काय करायचं? मी मुलांना सांगू शकत नाही की नागली बंद झाली.

मीटिंग बोलावली, अर्ध्या तासात सुटलं. दोन पालक गुऱ्हाळावर कामाला जातात, त्यांनी गुळाच्या ढेपा द्यायचं कबूल केलं. शिवाय महिन्यातून दोनदा सत्त्वाऐवजी आंबील, ताकातली, लसूण-जिरं-मीठ घालून, तिला गोड लागतच नाही. ताक दोन घरांतून येईल. आंबील मला जास्त आवडते खरं तर, आणि मुलांनाही, पहिल्याच दिवशी पातेलं खरवडलं.

लोक देतात, मनापासून देतात. तरी मला वाटतं रोजच्या जेवणातली गोष्ट देणगीवर सोडू नये. कोणाच्या वाढदिवसाला, श्राद्धाला स्नेहभोजन देतात ते वेगळं, तो सण असतो. एका घरी जिरवेल, हा वासाचा गावरान भात, झाला होता, त्यांनी डिसेंबरात अख्ख्या शाळेला त्याचा भात वाढला, वासानेच मुलं वर्गातून बाहेर. पण कॅल्शियम कोणाच्या वाढदिवसाची वाट बघत नाही.

११ मार्च, मंगळवार

पाणी कमी झालं. हात धुण्याचं पाणी फक्त शेवगा, कढीपत्ता आणि डांगराच्या वेलाला. बाकी वाफे मोकळे. वर्षभर बाग हिरवी ठेवायचा हट्ट मी सोडलाय, इथे उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन खाली जातात, त्यांच्यासमोर बागेला पाणी घालणं शोभत नाही.

शेवग्याला पहिल्या शेंगा, अकरा. मूग-शेवग्याचं वरण, सरकारी यादीतलं, आमच्या शेंगांचं. एका मुलाला एक तुकडा जेमतेम आला.

१५ एप्रिल, मंगळवार

वहीतली बेरीज मुलांनी केली, मी तपासली. परसबागेतून वर्षात ६८ किलो भाजी निघाली. गरज दिवसाला २ किलो ३००, म्हणजे परसातली भाजी महिनाभराला पुरेल एवढीच. शाळेची बाग शाळेला पोसत नाही. गटाकडून आलेली भाजी याच्या चौपट आहे, खरा फरक तिथे पडला, बिलबुकामुळे. दुसऱ्या शाळेतल्या मॅडम परवा विचारत होत्या सुरुवात कुठून करू, वाफे किती करू, तर मी त्यांना म्हटलं आधी बचत गटाकडे जा आणि मावशींना मीटिंगला बोलवा, वाफे नंतर.

सत्त्व किंवा आंबील आता आठवड्यातून एकदा ठरलेली. न पिणारी दोनच मुलं आहेत, त्यांना आवडत नाही, ठीक आहे.

वरच्या शेताचे आजोबा आले होते. पडीक टाकलेल्या दोन तुकड्यांपैकी एकात यंदा नागलीचा राब भाजलाय, विचारत होते गट किती घेणार. गटाच्या ताईंनी ६० किलो सांगितलं. वरई सोलायच्या यंत्रासाठी सरांनी अर्ज तयार केलाय, गटाच्या नावाने, उद्या तालुक्याला देऊन येणार.

बी धरून ठेवलंय. वाल तिन्ही प्रकारचे, घेवडा, दोडका, डांगर, अंबाडी. मुलांनी राख चाळून डब्यात घातली, वर नाव आणि कोणाच्या आजीचं ते लिहिलं. राखेवाल्या आजींचं निम्मं परत करायचं होतं, नातू डबा घेऊन गेला आणि संध्याकाळी परत घेऊन आला, आजीने अर्धं काढून घेऊन त्यात दुसरं काहीतरी बी टाकलं होतं, काळं, बारीक. आजी म्हणाल्या पाऊस पडल्यावर लावा, काय आहे ते उगवल्यावर कळेल. डब्यावर आत्ता नुसतं "आजी" लिहिलंय.